लघवीची जळजळ आणि अंगावरून जाणं : आधी दुखणं ओळखा, मग औषध घ्या

"उन्हाळी लागलीय" किंवा "अंगावरून जातंय" असं मेडिकलमध्ये सांगितलं की बहुतेक वेळा दोन-तीन गोळ्या सुट्या कापून मिळतात. दोन दिवस बरं वाटतं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच सुरू होतं. या दोन तक्रारींमागे निदान चार वेगवेगळी दुखणी असतात : लघवीच्या पिशवीतला जंतुसंसर्ग, योनीतली बुरशी, योनीतल्या चांगल्या जंतूंचा बिघडलेला तोल, आणि ट्रायकोमोनास नावाचा परजीवी. शेवटची दोन सोडली तर एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. उलट लघवीसाठी घेतलेल्या अँटिबायोटिकने बुरशी वाढते, आणि बुरशीच्या मलमाने लघवीतला जंतू हलत नाही. म्हणून औषधाच्या आधी ओळख.

खाली औषधांची नावं आणि मात्रा दिल्या आहेत त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघण्यासाठी. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय घेऊ नये. आपल्याला काय दिलंय, किती दिवस दिलंय आणि कशासाठी दिलंय हे मात्र प्रत्येकीला कळलंच पाहिजे.

जळजळ आत की बाहेर?

लघवीची धार चालू असताना आतून, मार्गातून जळतं. दर अर्ध्या तासाने जावंसं वाटतं, बसलं की चार थेंब येतात, उठलं की पुन्हा लागल्यासारखं होतं. ओटीपोट जड होतं, लघवी गढूळ दिसते. खाज नाही, अंगावरून काही जात नाही. हा बहुधा लघवीच्या पिशवीचा संसर्ग.

आता दुसरी तऱ्हा. लघवी बाहेरच्या लाल झालेल्या कातडीला लागली की झोंबतं, पण सारखं जावं लागत नाही. सोबत खाज आहे, चड्डीवर डाग पडतोय. इथे मूळ योनीत आहे आणि लघवी फक्त सोललेल्या जागेला लागतेय. या बाईला लघवीची अँटिबायोटिक दिली की आठवड्याने तिची खाज दुप्पट होते. ही गल्लत फार होते, आणि ती होते कारण "जळतंय" एवढंच सांगितलं जातं. कुठे जळतं ते सांगा.

पांढरं जाणं सगळंच रोग नसतं

वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत योनीतून थोडा स्राव रोज येतोच. दोन पाळ्यांच्या मध्यावर तो अंड्याच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक आणि ताणला जाणारा असतो, पाळीच्या आधी घट्ट पांढरट होतो, गरोदरपणात वाढतो. वास नाही, खाज नाही, जळजळ नाही, तर औषध नको. पांढरं गेल्याने हाडं झिजतात, अंगातली ताकद वाहून जाते, हा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे आणि त्यावर टॉनिकच्या बाटल्या खपतात. कंबर दुखणं आणि थकवा यांचं कारण पुष्कळदा रक्त कमी असणं हे असतं. हिमोग्लोबिन तपासून घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात ते होतं. कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या सुरू करायच्या.

बिघडलेला स्राव ओळखायचा तर दिवसाच्या शेवटी चड्डीवरचा डाग नीट बघा.

दह्याच्या कवडीसारखा किंवा फाटलेल्या दुधासारखा पांढरा, घट्ट, वास जवळजवळ नाही, पण खाज इतकी की रात्री झोप मोडते, कातडी लाल आणि सुजलेली : ही बुरशी, म्हणजे कॅंडिडा.

पातळ, राखाडी-पांढरा, सगळीकडे एकसारखा पसरलेला, माशासारखा वास, आणि तो वास संबंधानंतर किंवा पाळीत जास्त. खाज फारशी नाही : हा चांगल्या जंतूंचा तोल बिघडल्याचा प्रकार. डॉक्टर याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस किंवा नुसतं बीव्ही म्हणतात.

पिवळट-हिरवा, फेसाळ, घाण वासाचा, सोबत खाज आणि संबंधाच्या वेळी दुखणं : ट्रायकोमोनास. हा नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून येतो आणि त्याला बहुधा काहीच त्रास होत नसतो.

डोळ्यांनी ओळखण्याला मर्यादा आहे. दोन प्रकार एकत्रही असतात. पहिल्यांदाच त्रास होत असेल, किंवा औषध घेऊनही गेला नसेल, तर आतून तपासणी करून घ्यावी. डॉक्टर छोट्या कागदी पट्टीने स्रावाची आम्लता बघतात. साधारण ४.५ पर्यंत असेल तर बुरशीकडे संशय जातो, त्यापेक्षा वर असेल तर बाकीच्या दोघांकडे. काचपट्टीवर स्राव घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

घरी थांबायचं नाही अशी लक्षणं

थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली एका बाजूला दुखणं, उलट्या : संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलाय, त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीतून रक्त. ओटीपोटात दुखणं, ताप आणि घाण वासाचा स्राव हे तिन्ही एकत्र, तर गर्भाशय आणि नळ्यांना सूज असू शकते. उशीर झाला तर पुढे मूल राहायला अडचण येते. बाहेरच्या जागेवर फोड किंवा जखम. पाळी बंद झाल्यावर रक्ताळलेलं किंवा पाण्यासारखं जाणं, किंवा संबंधानंतर रक्त दिसणं. या शेवटच्या दोन गोष्टींना "संसर्ग असेल" म्हणून गोळ्या घेत बसू नका, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्या. गरोदर बाई, मधुमेही, मूतखडा असलेली, लघवीची नळी घातलेली, लहान मूल आणि पुरुष यांच्या जळजळीवरही घरगुती उपाय करत बसायचं नाही.

लघवीचा नमुना नीट दिला तर अर्धं काम होतं

रिपोर्ट चुकीचा येण्याचं सर्वांत मोठं कारण नमुना चुकीचा घेणं हे आहे. लॅबमधून निर्जंतुक, फिरकीच्या झाकणाची डबी घ्या. घरातली औषधाची बाटली धुऊन चालत नाही. हात साबणाने धुवा. खालची जागा नुसत्या पाण्याने पुढून मागे धुवा. अंगावरून जात असेल किंवा पाळी असेल तर योनीच्या तोंडाशी स्वच्छ कापूस ठेवा. एका हाताच्या बोटांनी ओठ बाजूला धरा, पहिली धार सोडून द्या, मधली धार डबीत घ्या, शेवटची पुन्हा सोडून द्या. २० ते ३० मिलिलिटर पुरे. डबीच्या आतल्या बाजूला किंवा झाकणाच्या आत बोट लागू देऊ नका.

नमुना तासाभरात, फार तर दोन तासांत लॅबला पोचला पाहिजे. जांबोटी-कणकुंबीकडून डबी पिशवीत घालून दुपारच्या बसने बेळगावला नेली तर उन्हात त्यात जंतू वाढतात आणि नसलेला संसर्ग कागदावर दिसतो. लांब असाल तर नमुना लॅबमध्ये जाऊनच द्या. फ्रिजमध्ये ठेवलेला नमुना २४ तासांपर्यंत चालतो, पण नेतानाही तो थंड हवा. आणि कल्चर, म्हणजे लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून तो कोणता आणि त्याला कोणतं औषध चालतं हे बघणारी तपासणी, करायचं असेल तर नमुना अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी द्यायचा. हे विसरलं की जंतू उगवतच नाही.

रिपोर्टमध्ये "पस सेल्स", म्हणजे पूच्या पेशी, वाढलेले दिसले की घाबरायचं कारण नाही, त्याच कागदावर "एपिथेलियल सेल्स", म्हणजे कातडीच्या पेशी, किती आहेत ते बघा. तेही भरपूर असतील तर नमुन्यात बाहेरचा स्राव मिसळलाय. पुन्हा नीट द्या. कल्चरचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येतो. त्यात औषधांची यादी असते आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर असं अक्षर. एस म्हणजे ते औषध त्या जंतूवर चालतं, आर म्हणजे चालत नाही. तुम्ही घेत असलेल्या गोळीपुढे आर असेल आणि त्रास कमी झालेला नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

साध्या, पहिल्याच वेळच्या जळजळीला कल्चर लागतंच असं नाही. गरोदरपणात, वारंवार होत असेल तर, ताप असेल तर किंवा औषधाने गुण आला नाही तर ते हवंच. आणि काही त्रास नसताना, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत जंतू निघाले तर उपचार लागत नाही. अपवाद गरोदर बाई आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हायची असलेला रुग्ण. म्हाताऱ्या माणसांना या कारणाने विनाकारण अँटिबायोटिक दिली जाते.

लघवीच्या संसर्गाचं औषध

बाईचा लघवीचा मार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असतो, आणि आतड्यातला ई. कोलाय जंतू तिथून पिशवीत चढतो. साध्या संसर्गांपैकी चारात तीन तरी याच जंतूचे. आपल्याकडे या जंतूला नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या जुन्या गोळ्या आता पुष्कळदा लागू पडत नाहीत. वर्षानुवर्षं त्या सुट्या विकल्या गेल्या, त्याचा हा परिणाम. जुलाबाला, तापाला आणि अंगावरून जाण्यालाही दिली जाणारी ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी याच जातीची. ती मागू नका, पुढे केली तर नको म्हणा.

पिशवीच्या साध्या संसर्गाला आज पहिली पसंती नायट्रोफ्युरंटॉइनला : हळूहळू विरघळणारी १०० मिलिग्रॅमची गोळी, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, ५ दिवस. जेवणाबरोबर घ्या, रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, ते अपेक्षित आहे. तिसऱ्या दिवशी जळजळ गेली म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून देऊ नका. हे औषध पिशवीतच काम करतं. संसर्ग मूत्रपिंडात असेल तर उपयोगाचं नाही. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना आणि गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत देत नाहीत.

दुसरा पर्याय फॉस्फोमायसिन, ३ ग्रॅमची पुडी, एकदाच. अर्ध्या ग्लास साध्या पाण्यात घालायची, गरम पाण्यात नाही. ढवळायची आणि लगेच प्यायची. रात्री झोपण्याआधी लघवी करून मग घेतली तर औषध पिशवीत रात्रभर राहतं. एकच मात्रा असल्याने ऊसतोडीला फिरतीवर असलेल्या बाईला किंवा गोळ्या विसरणाऱ्यांना ही सोयीची. कल्चरच्या कागदावर ईएसबीएल असं लिहून आलं, म्हणजे जंतू बऱ्याच गोळ्यांना दाद देत नाही, तरी ही दोन औषधं पुष्कळदा चालतात.

आता एक गोष्ट जी चिठ्ठीवर वारंवार दिसते. जळजळ थांबवायला गुलाबी किंवा नारिंगी सिरप देतात, डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट असलेलं. ते लघवीची आम्लता घालवतं, त्यामुळे झोंबणं कमी होतं. जंतू मात्र मरत नाही. आणि नायट्रोफ्युरंटॉइनला काम करायला लघवी आम्लच हवी असते. म्हणजे एकाच चिठ्ठीवर दोन्ही असतील तर सिरप गोळीचं बळ कमी करतं. डॉक्टरांना विचारा, "गोळी चालू असताना सिरप बंद ठेवू का?" दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम आणि ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी पुरते.

धने-जिऱ्याचं पाणी, शहाळं, ताक, बार्ली यांनी पोटात पाणी जातं, लघवी पातळ होते, बरं वाटतं. जरूर घ्या. पण दोन दिवसांत उतार नाही पडला तर फक्त त्यावर राहू नका. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर शहाळं डॉक्टरांना विचारून.

औषध सुरू केल्यावर ४८ तासांत फरक दिसायला हवा. नाही दिसला तर गोळी बदलायची वेळ आली, मात्रा वाढवायची नाही.

बुरशीचं औषध, आणि ते लावायचं कसं

दोन वाटा आहेत. तोंडाने घ्यायची फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एकच गोळी. किंवा योनीत ठेवायची क्लोट्रिमाझोलची गोळी, ५०० मिलिग्रॅमची एकदा अथवा १०० मिलिग्रॅमची रोज रात्री ६ ते ७ दिवस. गुण दोन्हींचा सारखाच. गरोदर बाईने फ्लुकोनाझोल घ्यायची नाही, तिच्यासाठी क्लोट्रिमाझोल ७ रात्री. पाळी चुकली असेल तर हे आधी सांगायचं. रक्त पातळ ठेवायची वॉरफरिन चालू असेल तर फ्लुकोनाझोल आणि मेट्रोनिडाझोल दोन्हींची सूचना डॉक्टरांना द्या, रक्तस्राव होऊ शकतो.

योनीत ठेवायच्या गोळीचं काम अर्धवट होतं ते ती तोंडाशीच ठेवल्यामुळे. रात्री झोपण्याआधी, लघवीला जाऊन आल्यावर ठेवा. हात धुवा, नखं कापलेली असू द्यात. उताणं झोपून गुडघे वर घ्या आणि पाय फाकवा. गोळी पाण्यात क्षणभर बुडवून ओली करा, म्हणजे आत सहज सरकते आणि विरघळते. बोटाने कंबरेच्या दिशेने, तिरकी मागे, जितकी सहज जाईल तितकी आत ढकला. बोट पूर्ण आत जातं. सोबत प्लास्टिकची नळी दिली असेल तर तीही चालते, पण गरोदरपणात बोटानेच. मग उठायचं नाही, झोपायचं. सकाळी पांढरा चुरा बाहेर येतो, त्याने औषध वाया गेलं असं नाही. एक पातळ पॅड लावून झोपा. पाळी येणार असेल तर शक्यतो संपल्यावर सुरू करा. हे औषध कंडोमचं रबर कमकुवत करतं, म्हणून त्या दिवसांत संबंध टाळलेले बरे.

बाहेरच्या खाजेला क्लोट्रिमाझोल १ टक्का मलम, दिवसातून दोन-तीनदा, पातळ थर. इथे सगळ्यांत मोठा धोका आहे तो मेडिकलमध्ये मिळणाऱ्या मिश्र मलमाचा. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हे शब्द आहेत का बघा. ही स्टेरॉइड. लावल्यावर तासाभरात खाज थांबते, म्हणून ट्यूब आवडीची होते. पण आत बुरशी फोफावते, नाजूक कातडी पातळ होते, गजकर्ण मांडीवर पसरतो आणि ट्यूब सोडली की आग होते. या जागेला ती लावू नका.

वर्षात तीन किंवा जास्त वेळा बुरशी झाली तर रक्तातली साखर तपासल्याशिवाय पुढचं औषध घेऊ नका. आणि मधुमेह असेल तर गोळ्यांची नावं बघा : डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात, आणि त्या साखरेवर बुरशी पोसली जाते. आता त्या स्वस्त झाल्याने भरपूर बायकांना चालू आहेत, आणि खाजेचं नातं गोळीशी कोणी जोडत नाही. स्वतःहून बंद करू नका, साखरेच्या डॉक्टरांना खाज सांगा. लघवीला जाऊन आल्यावर पाण्याने धुऊन कोरडं करण्यानेही फरक पडतो.

वारंवार होणाऱ्या बुरशीला एक गोळी पुरत नाही. पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, नंतर आठवड्याला एक, सहा महिने, असा तो क्रम असतो. हा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

माशासारखा वास आणि फेसाळ स्राव

दोन्हींना मेट्रोनिडाझोल : ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, दिवसातून दोनदा, पूर्ण ७ दिवस. तोंडाला धातूसारखी चव येते, भूक मंदावते; म्हणून बायका तिसऱ्या दिवशी सोडतात आणि वास महिन्याभरात परत येतो. गोळी भाकरी-भाताबरोबर घेतली तर त्रास कमी. गोळ्या सोसत नसतील तर बीव्हीला क्लिंडामायसिन २ टक्के मलम योनीत ५ ग्रॅम रोज रात्री, ७ रात्री.

ट्रायकोमोनास असेल तर नवऱ्याला त्याच वेळी औषध दिलंच पाहिजे, मेट्रोनिडाझोल २ ग्रॅम एकदाच. म्हणजे ४०० मिलिग्रॅमच्या पाच गोळ्या एका बैठकीत, जेवून. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दारू नाही. दोघांचं औषध संपेपर्यंत आणि त्रास जाईपर्यंत संबंध नाहीत, किंवा कंडोम. फक्त बाईने औषध घेतलं तर ती पुन्हा आजारी पडणार. नवरा "मला काही नाही" म्हणत असेल तर डॉक्टरांकडून त्याच्या नावाची वेगळी चिठ्ठी लिहून घ्या. कागद हातात दिला की बोलणं सोपं जातं.

बीव्हीत नवऱ्याला औषध द्यायचं नाही, असंच आजवर सांगितलं जायचं. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासाने यात बदल केला. ज्यांच्या जोडीदाराला सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि लिंगाला क्लिंडामायसिन मलम दिलं, त्यांच्यात बारा आठवड्यांत परत उद्भवण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्के होतं. फक्त बाईला औषध दिलं तिथे ६३ टक्के. पुन्हापुन्हा वास येत असेल तर हे डॉक्टरांपुढे काढा.

कुठे जायचं आणि काय सांगायचं

बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, स्त्रीरोग विभाग आहे. खानापूर, चिकोडी, हुक्केरी, अथणी इथे तालुका रुग्णालयं आहेत. मोठ्या सरकारी रुग्णालयांत "सुरक्षा क्लिनिक" नावाची खोली असते. तिथे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली योनीस्रावासाठी हिरव्या पाकिटातली औषधं फुकट मिळतात : सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, एकदाच घ्यायची. गरोदर असाल तर हे पाकीट घेण्याआधी सांगायचं. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना शक्ती योजनेखाली २०२३ पासून साध्या सरकारी बसचं तिकीट पडत नाही, आधार कार्ड जवळ ठेवा.

नर्स कानडीच बोलणारी असेल तर लाजून गप्प राहू नका. जळजळ म्हणजे उरी, पांढरं म्हणजे बिळी, खाज म्हणजे तुरिके, गरोदर म्हणजे बसुरी. एवढ्यावर काम भागतं. बाई डॉक्टर हवी असेल तर तसं स्पष्ट मागा, आणि आशाताईला बरोबर न्या.

सांगायच्या गोष्टी : शेवटची पाळी कधी आली, त्रास किती दिवस, जळजळ आत की बाहेर, स्रावाचा रंग आणि वास, याआधी कोणत्या गोळ्या घेतल्या, तांबी बसवली आहे का, साखर आहे का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का.

आत काही घालू नका

योनी स्वतःला स्वच्छ ठेवते. तिथले लॅक्टोबॅसिलस जंतू आम्ल बनवतात आणि बाकीच्यांना वाढू देत नाहीत. साबण, डेटॉल, तुरटीचं पाणी, मिठाचं कढत पाणी, सुगंधी वॉश, बोटाने आतून धुणं, या सगळ्याने ते जंतू मरतात आणि वास वाढतो. वास वाढला की बाई आणखी धुते. लसूण आणि कडुलिंबाने आतली कातडी भाजते. दही खा, आत लावू नका; दह्यातले जंतू आणि योनीतले जंतू जातीने वेगळे. बाहेरून दिवसातून एक-दोनदा साधं पाणी, पुढून मागे, आणि कोरडं पुसणं. इतकंच.

पुन्हा होऊ नये म्हणून

बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात लघवीचा संसर्ग पुष्कळदा पाणी न पिण्यातून होतो, आणि पाणी न पिण्याचं कारण संडास नसणं हे आहे. निपाणीच्या वखारीत, विडीच्या सुपापुढे, उसाच्या फडात बाई सकाळी घोटभर पाणी पिते ते संध्याकाळपर्यंत. जंतू पिशवीत सात-आठ तास बसून राहतो. ज्यांचं पाणी कमी आहे त्यांनी रोज दीड लिटर जास्त प्यायलं तर संसर्ग निम्म्याने कमी होतात, हे पडताळलेलं आहे. दर तीन-चार तासांनी लघवीला जायचं. कामावर सोय नसेल तर चार बायकांनी मिळून मुकादमाकडे किंवा मालकाकडे आडोसा आणि पाणी मागावं. एकटीने मागणं अवघड जातं.

सौंदत्तीच्या यात्रेला, चिंचलीच्या जत्रेला किंवा लांबच्या बसला निघताना बायका मुद्दाम पाणी सोडतात. स्टँडवरच्या घाणेरड्या संडासाने संसर्ग होईल ही भीतीही असते. संडासाच्या बैठकीवरून लघवीचा संसर्ग होत नाही. रोखून धरल्याने होतो. अर्धवट उठून, घाईने केल्यानेही पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. नीट बसा, शेवटच्या थेंबापर्यंत थांबा.

संबंधानंतर लगेच लघवीला जा. शौचानंतर हात नेहमी पुढून मागे. सुती चड्डी, रोज बदललेली. खानापूरकडच्या पावसाळ्यात ओले कपडे दिवस-दिवस अंगावर राहतात आणि वाळतही नाहीत, तेव्हा चड्डी आणि पाळीचं कापड इस्त्रीने पूर्ण कोरडं करून मगच घाला. एरवी पाळीचं कापड साबणाने धुऊन थेट उन्हात वाळवा, दुसऱ्या कपड्याखाली लपवून नाही. पॅड चार ते सहा तासांनी बदला.

पाळी गेलेल्या बायकांना पुन्हापुन्हा जळजळ होते त्यात कोरडेपणाचा मोठा वाटा असतो. त्यांना योनीत लावायचं इस्ट्रोजेन मलम मिळतं, आणि त्याने लघवीचे संसर्ग खरोखर कमी होतात. साठीच्या बाईला हे कोणी सुचवत नाही, म्हणून तुम्हीच विचारा.

गरोदरपणात पहिल्या तपासणीलाच लघवीचं कल्चर मागा, त्रास असो वा नसो. लक्षण नसलेले जंतूही मूत्रपिंडात चढतात आणि दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात. औषध संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी कल्चर पुन्हा करायचं.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा लघवीचा संसर्ग झाला तर सोनोग्राफी आणि साखर तपासून मुळाशी जायला हवं. निपाणी भागातल्या बायका कधी बेळगावला, कधी कोल्हापूर-गडहिंग्लजला दाखवतात, आणि प्रत्येक दवाखाना नव्याने सुरुवात करतो. सगळे कल्चर रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फायलीत लावा आणि प्रत्येकावर घेतलेल्या गोळीचं नाव व किती दिवस घेतली ते लिहून ठेवा. नाव वाचता येत नसेल तर रिकामं पाकीटच कागदाला टाचून ठेवा.